वंदनेनंतरची गोळी

मुदखेडच्या त्या गल्लीत इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत दिपालीकडंच यायचा. लाइटचं बिल, बँकेची नोटीस, कुणाच्या पोरीचा निकाल, काहीही असो. बारावी सायन्स आणि तीही पहिल्या वर्गात, म्हणून सासूबाई चांगुणाबाई तिला कौतुकानं 'आमची डाक्टरीण' म्हणायच्या. शेजारच्या कावेरीबाई तेच नाक मुरडून म्हणायच्या. दिपालीला दोन्ही आवडायचं. आपल्या शहाणपणाची तारीफ कानाला किती गोड लागते हे काय सांगायला हवं? आपण सगळेच त्या गोडाचे मुंगळे.

त्यामुळं चांगुणाबाईंच्या बोटांचे सांधे सुजून भाकरी थापणं बंद झालं, आणि दिपालीचा नवरा धम्मानंद यानं आईला लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा औषधांचा कागद आणि गोळ्यांची पिशवी आपोआप दिपालीच्या हाती आली. धम्मानंद लातूरलाच वीजमंडळात लाइनमन. त्यानं आईला गाडीत बसवलं आणि घरी फोन केला, "संधिवात हाय म्हणले. कसं द्यायचं ते कागदावर लिव्हलंय. दिपाली, तू बघ."

दिपालीनं बघितलं. डॉक्टरांच्या दारात रांग मोठी असणार, कारण अक्षरं पळत सुटल्यासारखी होती. औषधांची नावं अर्धीमुर्धी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन-दोन अक्षरं. ती अक्षरं तिच्या ओळखीची होती. तिच्या वडिलांची बीपीची गोळी वर्षानुवर्षं तिनंच दिलेली. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा. पोटाची गोळी ओडी, कॅल्शियमची ओडी, दुखण्याची बीडी. मधल्या ओळीत त्या छोट्या पिवळ्या गोळीपुढं एक गोल आणि त्याला चिकटून काहीतरी गिरगटलेलं होतं. गोळीचं नावही पुरतं नव्हतं, नुसती तीन अक्षरं. वर ओडी, खाली ओडी, मग मधे दुसरं काय असणार? तिनं कागद दुसऱ्यांदा पाहिलासुद्धा नाही.

गोळी चुकू नये म्हणून चांगुणाबाईंनी स्वतःच युक्ती काढली. रोज सकाळी आंघोळ झाली की सासू-सुना बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या. त्रिशरण, पंचशील झालं की चांगुणाबाई तिथंच बसल्या बसल्या तळहात पुढं करायच्या आणि दिपाली त्यावर गोळ्या ठेवायची. "वंदना चुकत न्हाई, मंग गोळी कशी चुकंल?" त्या म्हणायच्या. सासरे ग्यानोबा रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेले, वेळेचे पक्के. त्यांनाही ही शिस्त फार पटली. सगळं घर असं रुळावर चाललं होतं.

आठवडा झाला असेल, चांगुणाबाईंचं तोंड आलं. आधी जिभेच्या कडेला एक फोड, मग ओठांच्या आत, मग टाळूला. कावेरीबाईंनी लगेच निदान केलं, "उष्णता हाय ही. जाईचा पाला चघळा." पाला चघळून झाला, तोंडाला तूप लावून झालं. तिखट बंद झालं, मग भाकरी बंद झाली, आणि चांगुणाबाई दूधभात गिळताना डोळे मिटून घ्यायला लागल्या. एका सकाळी पंचशील संपलं तरी त्यांनी हात पुढं केला नाही.

"आज राहू दे गं दिपे. त्या पिवळ्या गोळीनं आग हुतीया वाटतं."

"आत्याबाई, उष्णतेनं हुतंय ते. संधिवाताची गोळी अशी मधेच सोडायची नसती," दिपाली म्हणाली. तिनं हे इतक्या ठामपणे सांगितलं की चांगुणाबाईंनी मुकाट्यानं हात पसरला. शिकलेल्या सुनेपुढं त्या बिचाऱ्या काय बोलणार?

पाकिटातली शेवटची पिवळी गोळी गेली, तशी दिपाली नवीन पाकीट आणायला निघाली. मुदखेडच्या मेडिकलवाल्यांकडं ती गोळी नव्हती. म्हणून ती पॅसेंजरनं नांदेडला गेली आणि दवाखान्यांच्या रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये तिनं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं. काउंटरमागं शिवकुमार नावाचा चष्मेवाला माणूस होता. त्याच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर ते नाव शिवलेलं होतं. त्यानं पाकीट उलटसुलट केलं.

"कागद हाय का?"

तिनं कागद दिला. त्यानं वरची तारीख पाहिली. मग पाकीट पाहिलं आणि परत तारीख पाहिली.

"हे सगळं पाकीट संपलं?"

"हाव."

"ताई, ही गोळी आठवड्यातून एकदा असती." त्यानं मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. ओडब्ल्यू. काही काही डॉक्टर लोक आठवड्याला एकदा असं लिव्हतात. हे पाकीट तुम्हाला दोन महिन्याच्या वर पुरायला पायजे व्हतं. पेशंट कसं हाय? तोंड-बिंड आलं का? ताप?"

दिपाली कागदावर वाकली. त्या गिरगटलेल्या अक्षरात आता तिला डब्ल्यू दिसला, अगदी स्पष्ट. इतका स्पष्ट, की आधी तो दिसला नाही हे कुणालाही खोटं वाटावं.

"ठीक हाय पेशंट," ती म्हणाली. "आम्ही... गोळ्या हरवल्या थोड्या. लेकरानं सांडल्या."

तिच्या घरात लेकरू नव्हतंच. शिवकुमारनं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "बघा बरं. रोज खाल्ली तर जहर हाय ही. रक्तच तयार व्हायचं बंद पडतं," तो म्हणाला. तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात तिनं कागद आणि पाकीट ओढून घेतलं आणि ती रस्त्यावर आली.

स्टेशनपर्यंत ती चालत गेली की ऑटोनं, हे तिला नंतर कधी आठवलं नाही. गाडीत समोर बसलेली बाई शेंगा सोलून खात होती आणि मधूनमधून तिच्याकडं बघत होती. चोराच्या मनात चांदणं. दिपालीला वाटलं, हिला कळलंय. तिनं पिशवी छातीशी धरली. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, मी माझ्या हातानं दिलं. रोज, वंदना म्हणून, मी माझ्या हातानं दिलं. आणि त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं यायचं, ते जास्त भ्याड होतं: कुणाला काय कळतंय?

खरं तर घरी गेल्या गेल्या सांगायचं, असंच तिनं ठरवलं होतं. अंगणात पाऊल टाकलं तर कावेरीबाई ओट्यावर बसलेल्या. "चांगुणाला ताप आलाय गं. आपल्या गल्लीत डेंगू हाय, ठाव हाय ना? परवाच खालच्या आळीतल्या अयोध्याबाईला नांदेडला नेलं." त्या पुढंही काही बोलत राहिल्या. दिपालीनं ऐकला तो एवढाच शब्द. डेंगू. बुडत्याला काडीचा आधार असतो म्हणतात. ही काडी कुणा दुसऱ्याला बुडवून मिळाली होती, तरी तिनं ती घट्ट धरली.

डेंगू असेल. डेंगूच असेल. गोळी तर संपलीच आहे, आता कुठं द्यायची आहे? ताप उतरेल, तोंड बरं होईल आणि आपल्याला काही सांगावंच लागणार नाही. आणि सांगितलं तर? लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. उन्हाळ्यात चांगुणाबाईंशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं, लातूरला खोली करून नवऱ्याजवळ राहायचं यावरून. ते भांडण सगळ्या गल्लीनं कान लावून ऐकलं होतं. आता सुनेनं सासूला रोज जहर चारलं म्हटल्यावर हीच गल्ली काय म्हणेल, ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. चुकून झालं म्हणून कोण ऐकणार? शिकलेली बाई चुकून वाचते होय?

तिनं रिकामं पाकीट बारीक बारीक कापलं आणि चुलीत घातलं. डॉक्टरांचा कागद मात्र तिला जाळवेना. तो तिनं ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई तापातही उठून बसल्या. वंदना चुकवायची नाही म्हणाल्या. दिपालीनं मेणबत्ती लावली. फोड आलेल्या तोंडानं चांगुणाबाई बोबडं बोबडं म्हणायला लागल्या, "पाणातिपाता वेरमणी..." जिवाची हिंसा करणार नाही. दिपालीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. तिथं तर तिनं ओठही हलवले नाहीत. चांगुणाबाईंनी एकटीनं ते म्हटलं आणि सवयीनं तळहात पुढं केला. त्या हातावर मनगटापाशी निळे-जांभळे डाग होते. कुठं आपटलं नव्हतं, काही नव्हतं.

"गोळी मिळाली न्हाई, आत्याबाई," दिपाली म्हणाली. "नांदेडला संपली म्हणे."

"मंग लातूरला सांग धम्माला. औषध चुकू नये."

त्या दिवशी चांगुणाबाईंनी डाळीचं पाणी गाळून दोन घोट घेतले, तेही रडत. दिपाली समोर वाटी धरून बसली होती. तिला सगळं माहीत होतं आणि ती वाटी धरून बसली होती. संध्याकाळी तिनं एकदा ग्यानोबांना "मामा" अशी हाक मारली. त्यांनी मान वर केली. "काय गं?" ती म्हणाली, "काही न्हाई, चहा ठेवू का?"

भीती माणसाला काय काय करायला लावते. वाघाला भिऊन पळणारा निदान पळतो तरी. ही तर जागच्या जागी चहा करत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाईंच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि त्यांना धड उभं राहता येईना. ग्यानोबांनी जीप बोलावली. नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांना भरती केलं. धम्मानंद दुपारपर्यंत लातूरहून येऊन पोचला. डॉक्टर संगमेश बिरादार तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. वॉर्डात खाट न् खाट तापाच्या रोग्यांनी भरलेली. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला.

"प्लेटलेट खूप कमी आहेत. पांढऱ्या पेशी पण. मुदखेडहून आलात ना? तिकडून रोज डेंगू येतोय. टेस्ट पाठवली आहे." मग त्यांनी सवयीनं विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत?"

ग्यानोबांनी दिपालीकडं पाहिलं. धम्मानंदानंही. घरातली औषधं म्हणजे दिपाली.

"पोटाची गोळी," दिपाली म्हणाली. "कॅल्शियमची. दुखण्याची व्हती, ती पण बंद केली."

"बरं. सलाइन चालू राहू द्या. बघू दोन-चार दिवस, डेंगूत होतं असं." डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

झालं. एवढंच होतं. कुणी तिला दरडावलं नाही, कुणी कागद मागितला नाही. दिपालीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन-चार दिवस. रक्त तयार व्हायचं बंद पडतं, असं तो चष्मेवाला म्हणाला होता. मग दोन-चार दिवसांनी काय उरेल? आणि ते झाल्यावर सगळे म्हणतील, डेंगूनं गेली बिचारी. गल्ली रडेल, कावेरीबाई आपल्याच गळ्यात पडून रडतील. कुणाला कधीच काही कळणार नाही. न कळण्याची तिला इतका वेळ आस होती. आता ते न कळणंच पुढं उभं राहिल्यावर तिला त्याचीच भीती वाटायला लागली, सापडण्यापेक्षा कितीतरी जास्त.

चांगुणाबाईंनी डोळे उघडले. ओठ काळे पडले होते. त्यांनी हात उचलला, सलाइनचा हात, आणि बोटं तोंडाकडं नेली. धम्मानंदाला वाटलं पाणी मागतेय. तो पेला घ्यायला वळला. चांगुणाबाईंनी मान हलवली आणि दिपालीकडं पाहून कसंबसं म्हटलं, "गोळी... आज बी दिली न्हाईस. पिवळी."

दिपालीला पुढचं स्वतःचं बोलणं ऐकूच आलं नाही. लोकांनी सांगितलं, ती किंचाळली. ती खाटांच्या मधून धावत जाऊन डॉक्टरांच्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "डेंगू न्हाई. मी दिलं. संधिवाताची गोळी, आठवड्यातून एकदा द्यायची, ती मी रोज दिली. सगळं पाकीट. मला वाचता आलं न्हाई."

वॉर्डातले नातेवाईक उठून बघायला लागले. ग्यानोबा खाटेच्या कडेला हळूच बसले. धम्मानंदाच्या हातातला पेला तसाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायचा होता अजून. नुसतं न समजणं होतं, आणि ते रागापेक्षाही बघायला कठीण होतं.

डॉक्टर बिरादारांनी तिला ओरडायला एक क्षणही घालवला नाही. नाव काय गोळीचं, किती दिवस दिली, शेवटची कधी, असं पटापट विचारलं. तिला नाव सांगता येईना, तीन अक्षरं सांगितली. तेवढ्यावर त्यांना कळलं. त्यांनी लातूरला फोन लावला, सिस्टरला हाका मारल्या, खाट आयसीयूत हलवायला सांगितली, आणि चालता चालताच चिठ्ठीवर काहीतरी खरडून धम्मानंदाच्या हातात दिलं. "त्या गोळीचं विष मारायचं औषध आहे हे. खाली मेडिकलमधून पळत घेऊन या. पळा."

धम्मानंद जिना उतरला. दिपाली मागोमाग. खालच्या मेडिकलवाल्या पोऱ्यानं चिठ्ठी पाहिली, मागच्या फळीवरून एक छोटा खोका काढला आणि पिशवीत टाकला. काउंटरवर चिठ्ठी पडली होती. दिपालीनं ती उचलून पाहिली.

इंजेक्शन, आणि पुढं दोन अक्षरं. 'एफए'.

परत दोन अक्षरं. पुरं नाव नाहीच. ती घाईत लिहिलेली, तितकीच सरळ, तितकीच ओळखीची वाटणारी. "भाऊ, याचं पुरं नाव काय?" तिनं विचारलं. "डॉक्टरनं हेच लिव्हलंय का?"

"एफए म्हणजे फॉलिक अॅसिड, ताई. रोज देतो आम्ही. बाळंतिणींना तर सगळ्यांनाच."

रोज देतो. विषावरचं औषध इतकं रोजचं असतं? तिला काहीच ठाऊक नव्हतं. ते बरोबरही असेल. बरोबरच असेल, डॉक्टर आणि मेडिकलवाला दोघं चुकतील कसे? हाच हिशोब तिनं त्या मधल्या ओळीबाबत केला होता.

"मला एकदा डॉक्टरला दाखवू द्या," ती म्हणाली आणि तिनं पिशवीला हात घातला.

आता मात्र धम्मानंदाला राग आला. त्यानं पिशवी हिसकली. "तू हात लावू नको! तुझं वाचणं पाहिलं आम्ही. तिकडं माय मरून राहिली अन् तू इथं..." तो जिन्याकडं धावला.

ती मागं धावली. आयसीयूच्या दाराशी सिस्टर महामाया खोका घ्यायला उभीच होती. धम्मानंदानं खोका दिला. दिपालीनं सिस्टरच्या हातावर हात ठेवला. "सिस्टर, डॉक्टरला दाखवा आधी. पाया पडते."

"बाई, सोडा. चिठ्ठीवर आहे तेच आहे. वेळ जातोय."

"दाखवा. मग मला मारा पायजे तर."

धम्मानंदानं तिचा दंड धरून मागं ओढलं. तिनं दाराची कडी धरली. लोक म्हणाले असतील, सासूला जहर देऊन आता औषधही पोचू देत नाही. असंच दिसत होतं, तिलाही दिसत होतं. तरी तिनं कडी सोडली नाही. गडबड ऐकून डॉक्टर बाहेर आले. "काय चाललंय?" त्यांनी खोका घेतला, वाचला, आणि थांबले. मग दिपालीच्या मुठीतली आपलीच चिठ्ठी मागून घेतली.

"हे नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "हे फॉलिक आहे. या विषावर ह्याचा उपयोग नाही. मला फॉलिनिक पाहिजे होतं, त्याचंही एफएच होतं." त्यांनी खोका बाजूला ठेवला. "चूक माझी आहे. हे अर्धं नाव लिहायचं नसतं, आम्हाला शिकवलेलं असतं." त्यांनी चिठ्ठीचा नवा कागद भिंतीवर टेकवला आणि अक्षर न् अक्षर सुटं करून पुरं नाव लिहिलं, किती द्यायचं ते लिहिलं. ते इथं मिळणार नाही, कॅन्सरच्या दवाखान्याजवळच्या मेडिकलमध्ये मिळेल, असं सांगून त्यांनी तिथं फोनही केला. धम्मानंद गाडी घेऊन गेला. दिपाली कडी सोडून तिथंच खाली बसली.

चांगुणाबाई वाचल्या. लवकर नाही आणि सहजही नाही. रक्ताच्या पिशव्या लागल्या, मधे एकदा ताप असा चढला की डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. पण हळूहळू रिपोर्टातले आकडे वर सरकायला लागले, आणि खाट आयसीयूतून परत वॉर्डात आली. धम्मानंद दिपालीशी बोलायला लागला, कामापुरतं. डॉक्टर बिरादारांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमच्या बायकोनं सांगितलं नसतं, तर मी डेंगूच धरून बसलो असतो." गल्लीतून भेटायला आलेल्या कावेरीबाईंनीही शेवटी दोष सगळा लातूरच्या डॉक्टरांच्या अक्षराला दिला. जगाची अदालत दिपालीला वाटली होती त्यापेक्षा मऊ निघाली.

तोंडातले फोड सुकले, त्या दुपारी वॉर्डात दोघीच होत्या. ग्यानोबा जेवायला गेले होते. चांगुणाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावरचे केस पार विरळ झालेले. त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"दिपे, तुला कवा कळलं?"

दिपालीनं नजर उचलली. त्या मेडिकलमधल्या चष्मेवाल्याची कुणालाच खबर नव्हती. सगळ्यांनी धरलं होतं की दवाखान्यात, डॉक्टरनं विचारल्यावर तिच्या ध्यानात आलं. "इथंच" एवढं म्हणायचं, की संपलं. तिच्या तोंडात तो शब्द आलाही.

"नांदेडला गोळी आणायला गेले तवा," ती म्हणाली. "मेडिकलवाल्यानं सांगितलं."

चांगुणाबाई मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिल्या. "मंजे मी डाळीचं पाणी पीत व्हते, तवा तुला ठाव व्हतं."

"हाव."

"वाटी तूच धरली व्हतीस."

"हाव, आत्याबाई." दिपालीला रडू यायला हवं होतं. आलं नाही. "मला लई भ्या वाटलं."

चांगुणाबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. बाहेर ऑटोवाले भांडत होते, कुणाचा तरी मोबाइल वाजत होता. दिपाली स्टुलावर तशीच बसली. उठून जावं तरी कसं आणि बसावं तरी कसं, हे तिला कळेना. शिवी नाही, शाप नाही. सासूबाईंनी तिकडंच तोंड ठेवून म्हटलं, "पाणी दे."

तिनं तांब्यातून पेला भरून दिला. चांगुणाबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि ओठांना लावण्याआधी आत वाकून पाहिलं. मग त्या पाणी प्यायल्या.